ब्विंडीच्या डोंगरातली खुर्ची

येडशी

आमच्या मुलानं, महेशनं, कंपालाहून फोनवर विचारलं, "पप्पा, इकडं आल्यावर काय बघायचंय? सिंह? नाईल नदी?" हे पलंगावर बसून पाय चोळत होते. मला वाटलं, 'तू दाखवशील ते' म्हणतील. लोहाऱ्याच्या बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान चालवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आणखी काय मागणार? पण हे म्हणाले, "गोरिला बघायचाय मला. जंगलातला. पिंजऱ्यातला न्हाय."

कधीतरी टीव्हीवर बघितला होता म्हणे. पाला खाताखाता तो थांबला आणि समोर बघत राहिला. "गिऱ्हाईक भाव ऐकून गप बसतंय बघ, तसा बसला हुता," हे मला म्हणाले. "काय इचार करत आसंल ते एकदा जवळनं बघावं."

तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांकडून येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. आधी पाय जातील, मग हात, मग गिळणं आणि श्वास. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. महेशला आम्ही सांगितलं. लोहाऱ्यात कुणाला सांगितलं नाही. दुकानात, गल्लीत, मठात, जो कुणी विचारेल त्याला ह्यांचं एकच उत्तर, "गुडघा धरलाय." मीही तेच सांगायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, पण खरं काय ते एक वाक्य मला कुणापुढं नीट बोलता आलं नसतं.

महेशनं बजावलं होतं की डोंगर चढायची सवय करा. म्हणून एका सकाळी आम्ही एसटीनं येडशीला गेलो. रामलिंगाच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली दरीत जावं लागतं. उतरताना काही वाटलं नाही. सागाची पानं गळून गेली होती आणि झाडाझाडावर माकडं होती. एका माकडिणीनं माझ्या हातातली शेंगदाण्याची पिशवी इतक्या सहज काढून घेतली की जणू मी तिच्यासाठीच आणली होती. हे खूप हसले.

वर येताना मात्र निम्म्या पायऱ्यांवर ह्यांचा उजवा पाय उचलेना. कठड्याला धरून हे बसले. धाराशिवची ओळखीची काही मंडळी दर्शनाला चालली होती. "अण्णा, काय झालं?" त्यांनी विचारलं. (ह्यांना सगळा तालुका अण्णाच म्हणतो.) "काय न्हाय, गुडघा," हे म्हणाले. एकानं हात पुढं केला. ह्यांनी तो बघितला नाही असं दाखवलं आणि ती मंडळी दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले. मग माझ्या खांद्याला धरून उठले.

मी म्हटलं, "इथं असं, तर तिथं कसं व्हायचं?"

"तिथं कुणी वळखीचं न्हाय," हे म्हणाले.

काझिंगा

विमानाचं, विमानतळांवरच्या चालण्याचं आणि व्हीलचेअर नको म्हणून झालेल्या वादाचं वर्णन करत नाही. महेशच्या घरी चार दिवस राहिलो. तो आमच्याबरोबर येणार होता, पण ऐनवेळी कारखान्यातून त्याला सुटी मिळाली नाही. त्यानं आम्हाला रॉबर्ट नावाच्या, हळू बोलणाऱ्या आणि हळू गाडी हाकणाऱ्या माणसाच्या हवाली केलं.

पहिला मुक्काम काझिंगा कालव्याच्या काठी होता. कालवा म्हणजे आपला पाटाचा कालवा डोळ्यासमोर आणू नका. दोन मोठ्या सरोवरांना जोडणारं ते एक रुंद पाणी आहे. त्यात पाणघोडे असे पडलेले की आमच्याकडं उन्हाळ्यात तळ्यात म्हशी पडाव्यात. काठावर हत्तीचा कळप आला. एक पिल्लू चिखलात घसरलं, आईनं त्याला सोंडेनं नाही, पायानंच हलकं ढकलून वर काढलं. संध्याकाळी गवताच्या मैदानात हरणांचे कळप दिसले. तिकडं त्यांना कोब म्हणतात. ती बघायला लोक कुठून कुठून येतात. मला आमच्याकडची काळविटं आठवली. ती तुरीत शिरली की शेतकरी त्यांना तोंड भरून शिव्या देतो.

ह्यांनी तेच रॉबर्टला सांगितलं, म्हणजे मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. रॉबर्ट म्हणाला, "इथंही शिव्याच देतात, मॅडम. जंगलाच्या कडेला ज्यांची शेती आहे, ते हत्ती येऊ नयेत म्हणून माळ्यावर डबे वाजवत बसतात. तुम्ही बघायला येता, ते राखायला बसतात."

ते दोन दिवस फार चांगले गेले. जीपचं छप्पर वर उचललेलं असायचं आणि हे सीटवर बसून दुर्बीण लावायचे. गाडीत सगळेच बसलेले. कोण चालू शकतं आणि कोण नाही, याचा तिथं प्रश्नच नव्हता. एका मोठ्या उंबरासारख्या झाडाच्या फांदीवर सिंहीण झोपलेली दिसली. चारी पाय दोन्हीकडं लोंबत होते. "दुपारच्याला आपला मुनीम पोत्यावर असाच पडतंय," हे म्हणाले. सोलापूरहून आल्यापासून इतके मोकळे झालेले मी त्यांना बघितले नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी

ब्विंडीचा डोंगर लांबूनच काळा दिसतो. आमच्या बालाघाटाला आम्ही डोंगर म्हणतो, पण तो उघडा, वाळलेला, उन्हात हाडं दिसणारा. इथं एका डोंगराच्या अंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि सगळ्यांवर धुकं. जंगल संपतं तिथून लगेच शेतं सुरू होतात. चहा, रताळी, केळी. उतारावर इतकी तिरपी शेतं की पेरताना माणूस कसा उभा राहत असेल, हेच कळेना.

आम्ही लिंगायत, त्यामुळं जेवणाची मला काळजी होती. कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा मी लोहाऱ्याहून नेला होता. पण मुक्कामाच्या जागी हिरवी केळी वाफवून, कुस्करून त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी वाढली. पहिला घास घेऊन हे थांबले. "अगं, हे तर आपलंच हाय. तिखट घालायचं तेवढं राह्यलंय." मी चटणीचा डबा काढला. वाढणाऱ्या बाईनं चिमूटभर चाखून बघितली आणि डोळे पुसत हसली.

सकाळी थंड पाण्यानं अंघोळ करून ह्यांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली. हात कापत होता. डाव्या हाताला उजव्या हाताचा टेकू दिला होता. हाताचं हे मी पहिल्यांदाच बघितलं.

जंगलाच्या चौकीवर आमच्या गटाची प्रमुख होती पीस नावाची वनरक्षक, हिरव्या गणवेशातली तिशीतली बाई. तिनं नियम सांगितले. गोरिलांना आपली सर्दीसुद्धा मारू शकते, म्हणून तोंडाला मास्क. ठरलेलं अंतर सोडायचं नाही. पळायचं नाही. भेट तासाभराचीच. मग ती ह्यांच्याजवळ आली. तिकडं वडीलधाऱ्या माणसाला 'म्झे' म्हणतात.

"म्झे, वाट फार चढाची आहे," ती म्हणाली. "आमच्याकडं खुर्ची आहे. आमचे लोक खांद्यावर नेतील. पुष्कळ पाहुणे जातात तसे."

मी मराठीतून सांगितलं. ह्यांचा चेहरा एकदम उतरला.

चेहरा का उतरला, ते सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं निजवत नाहीत. बसवतात. फुलांनी सजवलेल्या मखरात, त्याला विमान म्हणतात, बसवून, चौघांच्या खांद्यावर, भजनं म्हणत गावातून नेतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. माझ्या सासऱ्यांना तसं नेलं होतं. ह्यांच्या थोरल्या भावाला तसंच नेलं. तेव्हा एक खांदा ह्यांचा होता.

"तिला सांग," हे मला म्हणाले, "म्या जिता हाय अजून."

मी पीसला एवढंच सांगितलं, की ते चालत येणार आहेत.

वर

बंदूकवाला एक पुढं, एक मागं. हत्ती आले तर हवेत बार काढायला. मधे पीस, आम्ही दोघं, दुसऱ्या देशांचे चार पाहुणे, आणि ह्यांना आधार द्यायला एलायजा नावाचा गावातला माणूस. रुंद खांदे, पिकलेल्या मिश्या. ह्यांच्या हातात काठी. आयुष्यात पहिल्यांदा मी पँट घातली होती, धाराशिवच्या बाजारातून आणलेली. पहिल्याच काट्यात ती गुडघ्यावर फाटली. थोडं पुढं गेल्यावर मुंग्यांच्या ओळीत पाय पडला. त्या मुंग्या मोज्यात शिरून असा चावा घेतात की काढताना त्यांचं डोकं कातडीत राहतं. एलायजानं माझा बूट काढून एक एक मुंगी वेचली. हे बाजूला टेकून श्वास घेत होते. माझ्यामुळं त्यांना थांबायला मिळालं, म्हणून मला मुंग्या बऱ्याच वाटल्या.

जंगलात ऊन खाली पोचत नाही. सगळीकडं ओलं, हिरवं, कुजलेल्या पानांचा वास. वेली पायात अडकतात. जमीन म्हणून पाय टाकावा तर खाली नुसता पाला. एका चढावर ह्यांचा उजवा पाय वेलीत गुंतला आणि हे तोंडावर पडले. लागलं नाही फारसं, पण उठता येईना. एलायजानं काखेत हात घालून उठवलं. उभे राहिले, आणि परत बसले.

पाहुणे थांबले होते. पीसनं त्यांना पुढच्या बंदूकवाल्याबरोबर पाठवलं. मग तिनं खाली वाकून शीळ घातली. वळणाआडून माणसं आली. आठ जण, आणि त्यांच्या खांद्यावर वेताची, लाकडी दांड्यांची खुर्ची. चौकीपासून ते आमच्या मागं मागं, आवाज न करता चालत आले होते.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"नाही. शपथ."

ह्यांनी पडलेली काठी जवळ ओढली. हाताला चिखल लागलेला, चष्म्यावर धुकं. मग कानडीत एकच शब्द म्हणाले, "साकु." पुरे. आम्ही दोघंच असलो की अधूनमधून आमच्या तोंडी कानडी येते. मला वाटलं, परत जायचं म्हणतात. मी पीसला सांगणार, तेवढ्यात हे म्हणाले, "त्या मिशीवाल्याला इचार. ही खुर्ची गावात बी वापरता का?"

मी विचारलं. एलायजा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "ही पाहुण्यांसाठी नव्हतीच, म्झे," तो म्हणाला. "आमच्या डोंगरात गाडी येत नाही. कुणी आजारी पडलं की गाव त्याला ह्याच्यातून खाली दवाखान्यात नेतं. हिला एन्गोझी म्हणतात. गावातलं प्रत्येक घर हिच्या मंडळात आहे. ज्याचा नंबर येईल त्यानं खांदा द्यायचा."

"आन् मेलेल्याला?" ह्यांनी विचारलं. "त्याला कशातनं नेता?"

मला तो प्रश्न विचारवेना. पण ह्यांनी परत "इचार" म्हटल्यावर विचारला. एलायजानं पीसकडं बघितलं. मग खरं ते सांगितलं. "ह्याच्यातूनच. आमच्याकडं एकच आहे."

मी सांगितलं आणि हे हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "एकच हाय म्हणतंय," मला म्हणाले. "एकच आसल्यावर मग करणार काय?" आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान मूल उचलून घे म्हणून करतं तसे.

त्यांनी ह्यांना बसवलं, कमरेला पट्टा बांधला आणि एका दमात उचललं. चौघं दांड्यांखाली, चौघं बाजूनं. थोड्या अंतरानं चालता चालताच खांदे बदलत होते. कुणीतरी हळू आवाजात काही म्हणायला सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणू लागले. मी खुर्चीच्या मागं चालत होते. वर ह्यांची पाठमोरी आकृती दिसत होती. मान, कान, पांढरे केस. पुढं ती माणसं गात होती.

माझे पाय पुढं पडेनात. मग मी वेलींना धरत, धापा टाकत, त्या सगळ्यांना मागं टाकून पुढं गेले आणि खुर्चीच्या पुढं चालू लागले.

वरून आवाज आला, "मागं का चालंनास?"

"मला वाट बघायचीय," मी म्हटलं.

ती

पहिल्यांदा वास आला. घाम, ओला पाला आणि जुन्या घोंगडीचा असा काहीतरी. मग फांद्या मोडल्याचा आवाज. पीसनं खुर्ची अलीकडंच खाली ठेवायला लावली. आम्ही मास्क लावले. एलायजा आणि आणखी एक जण, दोघांनी ह्यांना धरून उभं केलं.

पाठीवर रुपेरी केस असलेला मोठा नर आमच्याकडं पाठ करून बसला होता. एवढी पाठ मी कुठल्या जनावराची बघितली नव्हती, बैलाचीसुद्धा. तो पाला ओढत होता, देठ सोलत होता, खात होता, आणि आम्ही त्याच्या लेखी कुणीच नव्हतो. दोन पिल्लं वेलीला लोंबकळत एकमेकांना पाडत होती. एक मादी पोटाशी अगदी तान्हं धरून बसली होती. त्या पिल्लाची बोटं तिच्या केसात रुतलेली.

ह्यांनी माझा दंड दाबला. "ती बघ."

डावीकडून एक वयस्कर मादी येत होती. तिला उजवा पंजा नव्हता. मनगटाशी हात संपत होता. पीस माझ्या कानाशी कुजबुजली, की कुणीतरी हरणासाठी लावलेल्या तारेच्या फासात तो गेला, लहान असताना. ती मादी त्या थोट्या हातानं फांदी छातीशी दाबून धरायची आणि दातांनी पानं ओढायची. उतारावरून येताना तिला जास्त वेळ लागत होता. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

"कुणी मदत करत न्हाय तिला," हे पुटपुटले.

मी पीसला सांगितलं. ती म्हणाली, "मदत करताना मी कधी पाहिलं नाही. पण हे कुटुंब दुसऱ्या कुटुंबांपेक्षा हळू चालतं. ती आहे तोपर्यंत हळूच चालेल."

ती मादी आमच्यापासून थोड्या अंतरावर बसली. खाता खाता थांबली आणि तिनं ह्यांच्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघत होते. मास्कवर फक्त डोळे. त्यांना जे जवळून बघायचं होतं ते ते बघत होते, आणि त्यांचे पाय थरथरत होते, पण बसा म्हटलं तर बसेनात. तिनं शेवटी मान वळवली आणि पुन्हा पाला ओढला. तेवढंच. पीसनं वेळ संपल्याची खूण केली.

नंतर मी विचारलं, काय विचार करत होती ती? हे म्हणाले, "काय बी न्हाय. खात हुती."

उतार

उतरताना जंगल संपून रताळ्याची शेतं लागली तेव्हा उन्हं कलली होती. वाट एका माणसापुरती. खालच्या वळणावरून आरडाओरडा ऐकू आला. बाजूच्या पाऊलवाटेनं माणसं येत होती. त्यांच्या खांद्यावर घोंगडीची झोळी, दांड्याला बांधलेली, आणि झोळीत एक बाई. पुढं एक म्हातारी अंधारात चालल्यासारखी चाचपडत धावत होती. झोळी धरणारे चारच होते, आणि ते पार थकलेले होते.

पीस पुढं गेली, बोलून आली. "बाळंतपण अडलंय. परवापासून. आज पुरुषमाणसं बाजाराला गेलेली, खुर्ची इकडं तुमच्याकडं. रस्त्यापर्यंत पोचली तर गाडी मिळेल." ती ह्यांच्याकडं बघत होती, पण विचारायचं तिला जड जात होतं.

मी मराठीत सगळं सांगायच्या आतच हे पट्टा सोडू लागले. बोटांना जमत नव्हतं. "सोड की गं! उतरवा मला आदी!"

एलायजानं पट्टा सोडला. त्यांनी ह्यांना बांधावर बसवलं, त्या बाईला झोळीतून खुर्चीत घेतलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ पांढरे. आठही जण तिला घेऊन निघाले. पळत. ती म्हातारी त्यांच्या मागून. झोळीवाले, एलायजा आणि पीसही गेले. पुढचा बंदूकवाला पाहुण्यांना घेऊन आधीच गेला होता. मागचा बंदूकवाला थोड्या अंतरावर उभा राहिला आणि आम्ही दोघं रताळ्याच्या शेतात राहिलो.

समोर डोंगरामागं डोंगर. खाली कुणाच्या तरी घरातून धूर निघत होता. मी ह्यांच्या बुटाचा चिखल काडीनं काढत बसले.

"तू पुढं का गेलीस ते ठावं हाय मला," हे म्हणाले.

मी काडी थांबवली नाही.

"मला बी तसंच वाटलं, वर बसल्यावर. पयल्यांदा. मग एक इचार आला. बसलेल्या माणसाला मागं वळून बघता येत न्हाय. पण मागं कोण हाय ते त्याला ठावं असावं." हे डोंगराकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मागंच चाल. पुढं जाऊ नको."

मी म्हटलं, "बरं." त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली. ती त्यांच्या बोटांतून निसटली. मग आम्ही दोघंही ती कुठं पडली ते बघत बसलो.

अंधार पडायच्या आत खुर्चीवाले परत आले. बाई गाडीत बसली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घामानं ते निथळत होते. ह्यांनी त्यांना लगेच खुर्ची उचलू दिली नाही. पिशवीतली कडक भाकरी आणि चटणी काढायला लावली. ते आठ जण बांधावर बसून, भाकरीचे कडाकडा तुकडे मोडत, तिखटानं हाय हाय करत जेवले. मग उचललं. मी मागून चालले.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना हे रॉबर्टला म्हणाले, गाडी दवाखान्याकडं घे. पत्र्याच्या छपराची लांबट इमारत, बाहेर बाक. ती म्हातारी एकटीच बाकावर बसली होती. तिची सून, कालची ती बाई, तिथं नव्हती. रात्रीच तिला मोठ्या गावच्या इस्पितळात हलवलं होतं. पुढचं काहीच कळलं नव्हतं. पीस आम्हाला निरोप द्यायला आली होती, तिनं हे सांगितलं.

म्हातारीनं ह्यांना ओळखलं. काल खुर्चीत बसलेला माणूस. तिनं पीसला काही विचारलं. पीसनं मला इंग्रजीत विचारलं, "ती विचारते, म्झेंना काय आजार आहे?"

माझ्या तोंडावर आलंच होतं, गुडघा. मी ह्यांना मराठीत विचारलं, "काय सांगू?"

"खरं हाय ते सांग."

"म्हणजे?"

"म्हंजे नसा वाळत चालल्यात. बरं होणार न्हाय. आदी पाय, मग हात. सांग तिला."

मी सांगितलं. एक एक शब्द इंग्रजीत शोधून, पीसकडं बघत. बरं होणार नाही, हे माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. पीसनं ते तिच्या रुकिगा भाषेत सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. हळहळली नाही, हात जोडले नाहीत. बाकावर जरा सरकली आणि तिच्या शेजारची जागा हातानं पुसली. हे तिथं बसले. रॉबर्टनं हॉर्न वाजवला नाही. ती दोघं दवाखान्याच्या फाटकाकडं बघत बराच वेळ बसली होती.

लोहारा

परत येऊन महिना होत आला तेव्हा महेशमार्फत पीसचा निरोप आला. बाई वाचली. मूल वाचलं नाही. तिच्या घरचे म्हणतात, म्झेंना सांगा.

मी तो निरोप घेऊन दुकानात गेले. संध्याकाळची वेळ. मुनीम होता, दोन हमाल ओट्यावर टेकले होते, गल्लीतले चौघे-पाचजण चहा पीत होते. मी ह्यांना वाचून दाखवलं. "कोण बाई?" कुणीतरी विचारलं. मग ह्यांनी सांगितलं. डोंगर, खुर्ची, झोळी, सगळं. गोरिलाचं कमी, त्या बाईचं जास्त.

"पण अण्णा," मुनीम म्हणाला, "गुडघा एवढा दुखत आसताना तुम्ही डोंगरात गेलाच कसं?"

"गुडघा न्हाय रं माझा," हे म्हणाले. "गुडघ्याला काय बी झालेलं न्हाय." आणि त्यांनी सांगितलं. सोलापूरला डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, पण आपल्या शब्दांत. मी दारात उभी होते. मला एकही शब्द भाषांतर करावा लागला नाही.

त्या रात्री घरी कुणी आलं नाही. मला वाटलं, लोक बिचकले असतील. ह्यांनाही तसंच वाटलं असावं.

सकाळी पूजा आटोपली आणि दारात कुणीतरी खाकरलं. दोघं हमाल उभे होते. त्यांच्यामागं मुनीम, हातात दुकानातली प्लास्टिकची खुर्ची.

"अण्णा," मुनीम म्हणाला, "दुकानाला यायचं न्हवं का?"

ह्यांनी खुर्चीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"टोपी दे माझी," म्हणाले.